बिनमुळांचं काल्व्हील

आमच्या गावात आर्मांदीन ब्लोंदेलची कीव करणं आजवर कुणालाच जमलेलं नाही. प्रयत्न पुष्कळांनी केले. पंचविशी गाठूनही जिचं लग्न झालेलं नाही, तिला नोव्हेंबरात सेंट कॅथरीनच्या दिवशी हिरवी-पिवळी टोपी घालून मिरवायची आमच्याकडची रीत. मैत्रिणींनी तिलाही ती घातली आणि पोरगी लाजेल, निदान रुसेल म्हणून वाट पाहिली. तिने ती टोपी सगळा हिवाळा डोक्यावर ठेवून बागेत छाटणी केली. कुणी हसलं की म्हणे, "कान गार पडत नाहीत. तुम्हीही एखादी शिवून घ्या." पुढे तिच्या लग्नावरून चेष्टा करायला कुणी धजलं नाही.

ही गोष्ट तिच्या पन्नाशीनंतरची. जर्मन निघून गेल्याला नऊ-दहा वर्षं झाली होती, गावातली पडलेली घरं पुन्हा उभी राहिली होती, आणि म्हातारा आन्सेल्म, आर्मांदीनचा बाप, नुकताच वारला होता. त्याने मागे ठेवलेलं विटांचं लांबट घर गावातल्या इतर घरांसारखंच होतं. त्याच्या बागेतल्या सफरचंदांच्या ओळीसारखी ओळ मात्र आमच्या साऱ्या पिकार्दी प्रांतात दुसरी नसेल, असं आम्ही म्हणायचो. आम्ही सारी पिकार्दी पाहिलेली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

ओळ स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीपर्यंत पायवाटेच्या कडेने जायची. झाडं गुडघ्याएवढी. प्रत्येक झाड जमिनीतून सरळ वर यायचं, गुडघ्यापाशी काटकोनात वळायचं आणि तारेवरून आडवं धावत पुढच्या झाडाच्या वळणापर्यंत पोचायचं. तिथे आन्सेल्मने त्याचा शेंडा पुढच्या झाडाच्या मानेला भेटकलमाने जोडून टाकला होता: दोघांची साल सोलायची, उघडं लाकूड उघड्या लाकडाला भिडवायचं, बांधायचं आणि वाट पाहायची. एकाचा शेंडा दुसऱ्याच्या मानेत, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. शाळेतली पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहतात तशी ती ओळ. लढाईत तारा गंजून तुटल्या, पण ओळ तसूभर खाली आली नाही.

छाटणी आन्सेल्म करायचा आणि त्याच्यामागे आर्मांदीन. खरं तर आमच्याकडे कात्री मुलाकडे जाते. आन्सेल्मला मुलगा होताही. पण हा मुलगा, फिर्मां, दहा वर्षांचा असताना बाप बाजाराला गेलेला बघून कात्री घेऊन बागेत शिरला. बापाला खूश करायचं होतं बिचाऱ्याला. एका झाडावरचे सगळे वेडेवाकडे, सुरकुतलेले, बोटाच्या पेराएवढे खुंटारे त्याला खराब दिसले. त्याने ते एकूण एक कापले आणि झाड चकचकीत करून ठेवलं. फळं त्याच खुंटाऱ्यांवर धरतात. बाप परत आला, पाहिलं आणि वाटेवरच्या चार लोकांदेखत म्हणाला, "याच्या हातात कात्री राहिली तर पुढल्या वर्षी आपण पानं खाऊ." गाव हे वाक्य चाळीस वर्षं विसरलं नाही. फिर्मां रेल्वेत गेला, ओदेत नावाच्या गोल चेहऱ्याच्या, चौकस बाईशी लग्न केलं, आणि बागेत पुन्हा पाऊल टाकलं ते बाप वारल्यावर, वाटणी मागायला.

नोटरीने घराचे दोन भाग केले आणि बागेवर रेघ मारली. रेघ ओळीच्या मधोमध पडली. घराकडची झाडं फिर्मांची, विहिरीकडची आर्मांदीनची. फिर्मांच्या शेवटच्या झाडाचा शेंडा आर्मांदीनच्या पहिल्या झाडाच्या मानेत गेलेला होता, तोच सांधा नेमका रेघेवर आला.

"सेंट कॅथरीनच्या दिवशी कुंपण घालतो," फिर्मां म्हणाला. "फळ्यांचं. आणि ती फांदी कापतो."

शेजारचा झेफिरां आपल्या कुंपणाला बुंध्यासारखा टेकून ऐकत होता. जन्मभर सरकारी रस्त्यांवर खडी पसरून निवृत्त झालेला हा सत्तरीचा गडी आता दुसऱ्यांच्या बागांवर देखरेख करी.

"त्या दिवशी लावलेलं सगळं लाकूड मूळ धरतं म्हणतात," तो म्हणाला. "बघ हो, तुझं कुंपण फुटायला लागेल."

आर्मांदीनला त्यात धोका दिसला नाही. फांदी कापली तर कापली, आपली झाडं आपल्या मुळांवर उभी आहेत, असा तिचा हिशेब.

तो हिशेब आठवडाभरही टिकला नाही. पहिल्या झाडाच्या पायाशी गवत उपटताना तिचा खांदा बुंध्याला लागला आणि बुंधा हलला. सैल दात हलतो तसा. तिने हाताने माती उकरली. खाली काही नव्हतं. जमिनीखालच्या उंदरांनी मुळं कधीच खाऊन फस्त केली होती. उरला होता एक टोकदार, कुरतडलेला, वाळलेला सोट. आणि वर झाड धडधाकट, पुढच्या वर्षीचे फळडोळे टपोरे भरलेले.

तिला समजायला वेळ लागला नाही. हे झाड फिर्मांच्या झाडावर जगत होतं. किती वर्षं, देव जाणे.

हे झाड दुसरं कुठलं असतं तर तिने सुस्कारा टाकून नवं लावलं असतं. पण ते तिचं काल्व्हील होतं. चौदा वर्षांची असताना तिने आयुष्यात पहिलं कलम बांधलं ते हे. बापाने हात न लावता नुसतं पाहिलं होतं आणि शेवटी म्हणाला होता, "धरेल." काल्व्हील ही सफरचंदाची जुनी जात; फळ अंगाला कंगोरे असलेलं, नाताळात पिवळं होतं, आणि कणकेत गुंडाळून अख्खं भाजलं की त्याच्या वासाने भांडणारी माणसंही टेबलाशी येऊन बसतात. नवरा नाही, मूल नाही. आपल्या हाताने जगात आणलेलं असं तिच्यापाशी तेच एक होतं, आणि तिचा त्याच्यावर जीव होता. उगीच आडवळणाने कशाला सांगायचं.

आता भावाने करवत चालवली की ते मरणार. करवत थांबवायला एक वाक्य पुरलं असतं: "फिर्मां, माझं झाड तुझ्या झाडावर जगतंय." ते वाक्य आर्मांदीनच्या घशातून येणं शक्य नव्हतं. तिने ठरवलं, याला नवी मुळं द्यायची. भावाला न सांगता.

उपाय तिला माहीत होता. कोवळे, मुळं असलेले खुंट बुंध्याच्या दोन अंगांना लावायचे, आणि वसंतात साल सुटायला लागली की त्यांचे शेंडे बुंध्याच्या सालीखाली बसवायचे. मेलेल्या मुळांच्या जागी भाड्याची मुळं. पण खुंट जमिनीत रुजणार, मग सांधा धरणार. तोवर वर्ष जाणार. वर्ष तिला फिर्मांकडून मिळवायचं होतं.

ती त्याच्या स्वयंपाकघरात गेली. ओदेतने चिकोरीची कॉफी पुढे केली.

"फांदी यंदा राहू दे," आर्मांदीन म्हणाली. "कुंपणही."

"का?"

"मला हवं आहे म्हणून."

"ताई, रेघ म्हणजे रेघ."

"रेघ कुठे पळून चालली आहे? पुढच्या सेंट कॅथरीनला काप."

फिर्मांने मिशीवरची कॉफी पुसली. बहीण काहीतरी मागायला दारात आली आहे, हा प्रसंग त्याच्या आयुष्यात प्रथमच येत होता आणि तो पुरता चाखायचा होता त्याला. "आणि त्याबदल्यात?"

"तुम्हाला काय हवं ते बोला."

"वन्सं, ती विटांची कोठी," ओदेत पटकन म्हणाली. "आमच्या सशांना जागा नाही."

"घ्या."

इतक्या लवकर आलं हे उत्तर, की ओदेतची बशी हातातच राहिली. त्या कोठीत बापाची फावडी, टोपल्या, सिडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, पिंपं होती. आर्मांदीन ती कुणाला झाडूही देत नसे. आता सगळा पसारा तिने स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि हिवाळाभर फावड्यांवरून उड्या मारत सूप ढवळलं.

भाजीच्या वाफ्यांमागे तिने एक बुटकं झाड केवळ खुंटांसाठी राखलेलं होतं. दर वसंतात त्याच्या फुटव्यांच्या पायाशी माती चढवायची, शरदात माती सारली की प्रत्येक फुटव्याला आपापली मुळं. त्यातले दोन सरळ, करंगळीएवढे खुंट तिने निवडले आणि सेंट कॅथरीनच्याच दिवशी काल्व्हीलच्या दोन बाजूंना लावले. भोवती उंदरांसाठी जाळी पुरली. हे सारं पाठ वळवून, घाईघाईत, इकडे तिकडे बघत केलं. आणि हीच चूक झाली.

ओदेत खिडकीतून बघत होती. आमच्या भागात कुणी बागेत इकडे तिकडे बघत काही पुरलं, की त्याचा अर्थ एकच: सोनं. लढाईत निम्म्या गावाने नाणी अशीच कोबीखाली पुरली होती आणि निम्म्यांना पुढे जागा आठवली नव्हती. "एका फांदीसाठी कुणी कोठी देतं का हो?" ती फिर्मांला म्हणाली. "मामंजींनी काहीतरी ठेवलंय तिथे. वन्संना वेळ हवाय तो काढून घ्यायला." फिर्मांने तिला वेड्यात काढलं, पण सशांना गवत घालताना त्याचीही नजर तिकडे जायला लागली.

पुढच्या रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना ओदेतचं डोकं दुखत होतं. आर्मांदीन परतली तेव्हा एका खुंटाभोवतीची माती उकरलेली, जाळी फाटलेली, आणि खुंट मुळांसकट अर्धा बाहेर आलेला. घाईत पुन्हा दाबून बसवल्याच्या खुणा होत्या, वर बुटाचा ठसाही होता. मुळं तुटली होती.

भांडायला तोंड उघडलं असतं तर तिथे काय आहे तेही सांगावं लागलं असतं. आर्मांदीनने खुंट पुन्हा लावला, पाणी घातलं, आणि दुपारी ओदेत दोरीवर कपडे वाळत घालत होती तिथे गेली.

"सोनं असतं ना, ओदेत, तर मी ते जमिनीत पुरलं नसतं. तुझ्या मिठाच्या बरणीत ठेवलं असतं. तिथे तू कधी हात घालत नाहीस, हे तुझ्या सुपावरून कळतं."

ओदेत कानापर्यंत लाल झाली. त्यानंतर तिचं डोकं रविवारी दुखलं नाही, पण तुटलेला खुंट वाचला नाही तो नाहीच. हिवाळ्यानंतर त्याची साल सुरकुतली. राहिला एकच.

एप्रिलच्या शेवटी साल सुटायला लागली. आर्मांदीनने उरलेल्या खुंटाचा शेंडा तिरका तासला, बुंध्याच्या सालीला उलट्या टी अक्षरासारखी चीर दिली, शेंडा खालून आत सरकवला, दोन बारीक खिळ्यांनी धरून ठेवला आणि वर मेण लिंपलं. चौदाव्या वर्षी मागे बाप उभा होता. या खेपेला "धरेल" म्हणायला मागे कोणी नव्हतं, आणि स्वतःशी तसं म्हणायला ती धजली नाही.

उन्हाळा गेला, झाड हिरवंगार राहिलं. पण खरी गोम इथेच होती. झाड हिरवं आहे ते कशामुळे? नव्या खुंटाने की भावाच्या फांदीने? दोन घरी जेवणाऱ्या माणसाचं पोट कोणत्या घरात भरतं, ते त्याच्या तोंडाकडे बघून सांगता येत नाही. एक घर बंद केल्याशिवाय कळणार नव्हतं.

सेंट कॅथरीन आली. फिर्मां फळ्या, खांब आणि करवत घेऊन आला. खांब धरायला झेफिरां. फिर्मां सांध्यापाशी गुडघ्यावर बसला आणि त्याला बुंध्याखालचा तो करंगळीएवढा खुंट दिसला, वर मेणाचा गोळा. त्याने बुंध्याला हात लावला. बुंधा हलला.

"ताई, हे काय?"

ती पायाशी पडलेल्या फळ्या सरळ करू लागली.

झेफिरां वाकला, बघितलं, आणि हळूच शीळ घातली. "अरे, याला मुळंच नाहीत. हे तुझ्या झाडावर जेवतंय, फिर्मां."

फिर्मांने मेणाच्या गोळ्यावरून अंगठा फिरवला. जन्मभर जिने छाटलं, जिला सगळं येत होतं, तिचं लाडकं झाड त्याच्या जिवावर उभं होतं. टोमणा मारायला याहून चांगली संधी त्याला मिळाली नसती, आणि गाव सांगतं की तो मारेल असंच झेफिरांला वाटलं होतं. पण फिर्मां मुळात वाईट माणूस नव्हता. दहाव्या वर्षी दुखावलेला माणूस होता. तो उठला, करवत खाली ठेवली.

"राहू दे मग फांदी," तो म्हणाला. "मी फळी वरून लावतो. इतकी वर्षं जेवलं, आणखी जेवेल."

चांगल्या मनाने म्हणाला तो. आणि तेच आर्मांदीनला झोंबलं.

"दे इकडे ती करवत."

"बाई, हट्ट करू नकोस," झेफिरां म्हणाला. "नवा खुंट धरलाय की नाही, हे तुला तरी ठाऊक आहे का?"

"नाही, काका."

"मग?"

"मग कळेल."

तिने करवत घेतली आणि बापाने जोडलेला तो सांधा आपल्या हाताने कापला. शहाणपणा नव्हताच हा, मी काही तिची तरफदारी करत नाही. आणखी एक वर्ष थांबली असती तर खुंट जाड झाला असता, धोका निम्म्यावर आला असता. पण ज्या बाईने कधी कुणाची कीव घेतली नाही, तिला झाडासाठीसुद्धा ती घेता आली नाही. जखमेवर मेण लावलं, करवत पुसून भावाला परत दिली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत कुंपण उभं राहिलं.

तो हिवाळा तिला भारी गेला. वसंत आला, ओळीतली बाकीची झाडं फुटली, वाटेवरच्या फुलांवर माश्या घोंगावायला लागल्या, आणि काल्व्हील काळं, बंद. ती रोज नखाने साल खरवडून बघे. खाली हिरवं दिसे, पण तोडलेली फांदीही काही आठवडे हिरवी राहते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. जेवण कमी झालं. झेफिरां समोरून जाताना मान खाली घालून जाऊ लागला, आणि ते तिला अधिकच लागलं.

मग एका पावसाळी सकाळी, बाकीच्या झाडांची फुलं गळून गेल्यावर, काल्व्हीलच्या वळणावर एक डोळा उकलला. उंदराच्या कानाएवढं पान. दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी दुसरं. आठवड्याच्या शेवटी सबंध आडवी फांदी करड्या-हिरव्या पानांनी भरली. लहान, अशक्त, पण स्वतःची. आर्मांदीन चिखलात फतकल मारून बसली आणि रडली. बाप गेला तेव्हा रडली नव्हती. "जगलास रे बाबा," ती झाडाला म्हणाली, आणि उठून घरात गेली व तीन अंड्यांचं ऑम्लेट करून खाल्लं. त्या शरदात तिने मेलेल्या खुंटाच्या जागी नवा लावला आणि पुढच्या वसंतात तोही सालीखाली बसवला. झाड दोन पायांवर उभं राहिलं, खांद्याचा धक्का दिला तरी ढिम्म हलेना.

इकडे कुंपणापलीकडे फिर्मांचं शेवटचं झाड बिथरलं. पहिल्याच उन्हाळ्यात कापल्या जागेमागून पाणसोट निघाले, फळ न देता सरळ आभाळाकडे धावणारे ते माजोरी फुटवे, काठीएवढे जाड. फिर्मांने हिवाळ्यात ते बुडातून छाटले. पुढल्या उन्हाळ्यात एकाच्या जागी चार आले. त्याने आणखी कडक छाटलं. झाड आणखी उफाळलं. जुने फळखुंटारेही रस चढून लाकूड व्हायला लागले. दुसऱ्या वर्षी त्या झाडावर एक फूल आलं नाही.

"सफरचंदं राहू देत," ओदेत म्हणाली. "आता झाडू बांधून बाजारात बसू या."

झेफिरां कुंपणावरून म्हणाला, "फिर्मां, चर्चच्या मनोऱ्याशी पैज लावली आहेस की काय?" आणि मग, न राहवून, "आन्सेल्म म्हणायचाच म्हणा, पानं खायची वेळ येईल."

फिर्मां त्या दिवशी घरात जाऊन जो बसला, तो रात्रीच्या जेवणाला उठला नाही.

आर्मांदीन हे सगळं फळ्यांच्या फटींतून बघत होती. झाडाला काय झालंय ते तिला पहिल्याच उन्हाळ्यात उमगलं होतं. खरं सांगायचं तर तिलाही ते नव्यानेच उमगलं: सांधा म्हणजे नुसता पुढच्याला घास, असं ती समजत आली होती. मागच्या झाडाचा वाढता रस त्या वाटेने निघून जातो, म्हणून ते शांत राहून फळतं, ही दुसरी बाजू बापाने सांगितली नव्हती की तिने ऐकली नव्हती, कोण जाणे. वाट बंद झाली आणि रसाला जायला जागा उरली नाही. हे ती भावाला एका वाक्यात सांगू शकत होती. सांगितलं नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारणाऱ्याने नाक घासत यावं, असा तिचाही एक दुर्गुण होताच.

तो आला एप्रिलात. दाराने नाही, कुंपणाच्या फळीवर बोटाने टकटक केलं.

"ताई, आहेस का?"

"आहे."

"झाड वेडं झालंय."

"दिसतंय."

"छाटून छाटून थकलो. काय चुकतंय माझं?"

हा क्षण तिने मनात पुष्कळदा घोळवला होता, काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ती फळ्यांवरून वाकली. फिर्मां कात्री घेऊन उभा होता. हातावर कापल्याचे ओरखडे, अंगठ्याला ओदेतने बांधलेली चिंधी. पन्नाशीतला माणूस, चेहरा मात्र दहा वर्षांच्या पोराचा, ज्याला बापाला खूश करायचं होतं. ठरवलेलं सगळं तिच्या तोंडातच राहिलं. वाईट वाटलं तिला, मनापासून वाटलं. पण ती आर्मांदीन होती. तिने कीव केली नाही, कामाला लावलं.

"ती कात्री आधी खाली ठेव," ती म्हणाली. "तू छाटतोस म्हणून ते चेकाळतंय. त्याला जायला जागा पाहिजे."

"कुठे जाणार ते?"

"इकडे. करवत आण आणि ही फळी काप. गुडघ्याच्या उंचीवर, हात जाईल एवढं भोक."

"माझं कुंपण?"

"मग माझं आहे का?"

त्याने आपल्या हौसेने रंगवलेल्या फळीला भोक पाडलं. ओदेत खिडकीत येऊन बघत उभी राहिली. आर्मांदीन वळसा घालून त्याच्या बागेत आली, पाणसोटांच्या त्या रानातून तारेच्या जवळचा एक लवचीक फुटवा निवडला, मांडीवर घेऊन हळूहळू वाकवत आडवा केला. बाकीचे तसेच ठेवले. "हे यंदा नाही कापायचे. हा तिकडे पोचला की ते आपोआप निवतील, मग मी सांगेन त्यातले कोणते काढायचे ते. तू काढशील."

"मी?"

"नाहीतर झेफिरांकाका काढणार का?"

फुटवा भोकातून पलीकडे गेला. दोघं पलीकडे आली. तिने काल्व्हीलच्या मानेवरची, जुन्या सांध्याच्या वरची साल बोटभर सोलली, फुटव्याची तेवढीच सोलली, आणि ओलं लाकूड ओल्या लाकडावर टेकवलं. फिर्मांला दोन्ही हातांनी ते दाबून धरायला लावलं आणि स्वतः राफियाची, म्हणजे ताडपानांच्या धाग्याची, दोरी गुंडाळायला घेतली. इतक्या जवळ ती दोघं कित्येक वर्षांत बसली नव्हती. फिर्मांची नजर बुंध्याच्या पायाशी गेली. दोन्ही खुंट आता अंगठ्याहून जाड झाले होते आणि साल साफ मिळून आली होती. त्याने खांद्याने बुंध्याला हलकेच धक्का देऊन पाहिला.

"हे तर पक्कं उभं आहे," तो म्हणाला. "याला माझ्या झाडाचं काही नको आता."

"नको."

"मग घेतेस कशाला?"

"याला घ्यायची गरज नाही," आर्मांदीन दोरी आवळत म्हणाली, "पण तुझ्या झाडाला द्यायची आहे. मला ते आधी कळायला हवं होतं. मी कापायला नको होतं, फिर्मां."

फिर्मांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला म्हणून त्याने एक हात उचलला.

"हात काढू नकोस," ती म्हणाली. "सरकतंय. दाबून धर."

त्याने हात परत ठेवला आणि दाबून धरलं.